डबलसीटचं इंजिनिअरिंग

माझ्या गाडीवर बसायला आईला फूटपाथ लागतो. "जरा पुढे घे, तिथे कड उंच आहे," ती म्हणते. मी गाडी कडेला चिकटवून उभी करतो, ती आधी फूटपाथवर चढते, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकते आणि मग मागच्या सीटवर जाऊन बसते. फूटपाथ नसेल तर कुणाच्या तरी घराची पायरी शोधायची. आई पासष्टची आहे आणि गुडघेही तिच्याच वयाचे आहेत. गाडी दोनशे सीसीची. घेण्याआधी सहा महिने मी व्हिडिओ पाहिले, पॉवर आणि टॉर्कचे आकडे किती आरपीएमला मिळतात तेही पाठ केलं. त्या सहा महिन्यांत मागची सीट जमिनीपासून किती उंच आहे, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पडला असता तरी उत्तर मिळालं नसतं. ब्रोशरमध्ये सीटची उंची म्हणून छापलेली असते ती चालवणाऱ्याच्या सीटची.

आम्ही गाडीवेडे लोक एकत्र जमलो की काय बोलतो? इंजिन तापल्यावर आवाज बदलतो का, स्लिपर क्लच हवाच का, पुढचे फोर्क उलटे असले की वळणावर काय फरक पडतो. रात्री कट्ट्यावर अकरा वाजेपर्यंत हे चालतं आणि त्यात खरोखर मजा असते, मी ती नाकारत नाही. पण आमच्यातले बहुतेक जण कट्ट्यावरून घरी जाताना कुणाला तरी डबलसीट घेऊन जातात. त्या मागच्या माणसाबद्दल, म्हणजे त्याला बसायला जागा किती, धरायला काय आणि पाय कुठे, याबद्दल मी कधी चर्चा ऐकलेली नाही. फार तर "बायको बसत नाही रे याच्यावर" असं कुणीतरी हसत म्हणतो आणि त्यावर सगळे हसतात.

माझं म्हणणं असं, की हा हसण्यावारी न्यायचा नाही, सरळ इंजिनिअरिंगचा विषय आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मोटरसायकलींच्या डिझाइनमध्ये मागच्या माणसाचा विचार भार म्हणून झालेला असतो, माणूस म्हणून नाही. चासी त्याचं वजन पेलते, टायर पेलतो, ब्रेक त्याच्यासकट गाडी थांबवतात. साठ किलोचं पोतं ठेवलं असतं तरी एवढंच करावं लागलं असतं. पोत्याला धरायला हँडल लागत नाही, त्याचा पदर चाकात जात नाही आणि स्पीडब्रेकरवर ते ओरडतही नाही.

आधी आकडे घेऊ, कारण आमच्या जमातीला आकड्यांशिवाय पटत नाही. दीडशे सीसीची गाडी साधारण 145 किलोची धरा आणि चालवणारा 70 किलोचा. झाले 215. मागे 60 किलोचं माणूस बसलं की वजन एका फटक्यात जवळपास 28 टक्क्यांनी वाढतं. हजार किलोच्या चारचाकीत चालवणाऱ्याशिवाय आणखी एक माणूस बसलं तर वाढ सहा टक्क्यांच्याही आत राहते. म्हणजे कारमध्ये दुसरा माणूस आला काय, न आला काय, गाडी तीच असते. दुचाकीवर मात्र डबलसीट झालात की तुम्ही वेगळीच गाडी चालवत असता.

शिवाय हे वजन मधोमध पडत नाही, मागच्या चाकाच्या आसाजवळ पडतं, आणि सीट त्याहून मागे गेलेली असेल तर आसाच्या पलीकडे. मग पुढचं चाक हलकं होतं, हँडल भुरभुरल्यासारखं वाटतं आणि हेडलाइट वर उचलला जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. यावर उपाय नाही असं नाही. मागच्या शॉकअपला खाली खाचांची एक रिंग असते. टूलकिटमधल्या वाकड्या पान्याने ती एक-दोन खाचा फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी पुन्हा सरळ उभी राहते. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर टायरच्या हवेचे आकडे लिहिलेला स्टिकर असतो, त्यात मागच्या टायरचे आकडे दोन असतात, एक एकट्यासाठी, एक डबलसीटसाठी. मी गेली काही वर्षं ओळखीच्यांना विचारतोय. गाडी देताना शोरूममध्ये कुणी ही रिंग दाखवली असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही, आणि माझा तो वाकडा पाना कुठे आहे हे मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं.

आता जत्रेतला किंवा बागेतला सीसॉ आठवा, ती मधल्या खुंटीवर टेकवलेली लांब फळी. मध्यावर बसलेल्याला फळी हलते एवढंच कळतं, टोकावर बसलेला उडतो. मोटरसायकलवर चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, त्यामुळे खड्ड्याचा निम्माशिम्मा धक्का त्याच्यापर्यंत येतच नाही. मागचा माणूस टोकावर असतो. गाडीची मागची बाजू चार इंच उचलली गेली तर तोही चार इंच उचलला जातो, सीट आसाच्या मागे असेल तर थोडा जास्तच. वर त्याला पुढचं दिसत नाही, म्हणून स्पीडब्रेकर आलाय हे त्याला बुडाला कळतं. चालवणाऱ्याच्या हातात हँडल आहे, पायाखाली पेग आहेत, मांडीत टाकी आहे, डोळ्यांसमोर रस्ता आहे. मागच्याला यातलं एखादंच काहीतरी मिळतं. म्हणून "मी तर हळूच घेतली होती" हे चालवणाऱ्याचं म्हणणं आणि "केवढी आदळलीस" हे मागचीचं म्हणणं, दोन्ही खरं असतं.

हे सगळं नेहमीच असं नव्हतं. दुचाकीच्या इतिहासातल्या दोन सगळ्यात यशस्वी डिझाइनची सुरुवात इंजिनापासून झालेली नाही. 1946 मध्ये पिआज्जिओसाठी व्हेस्पा आखणारा कोर्रादिनो दास्कानियो विमानांचा इंजिनिअर होता आणि त्याला मोटरसायकली आवडायच्या नाहीत. कपडे तेलाने माखतात, चाक काढणं म्हणजे वैताग, चढताना तंगडी टाकावी लागते. त्याने चेनच काढून टाकली, इंजिन झाकलं, चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं आणि मधे पाय ठेवायला मोकळी जागा सोडली, जिथून स्कर्ट घातलेली बाईही सहज बसू शकेल. 1958 च्या होंडा सुपर कबमध्ये चेन पूर्ण झाकलेली होती आणि क्लचचा लिव्हर नव्हता, कारण एका हातात शेवयांचे वाडगे घेऊन जाणाऱ्या पोऱ्यालाही ती चालवता आली पाहिजे अशी अट होती. कपडे काय घातलेत, हातात काय आहे, कामं कोणती आहेत, इथून हे डिझाइन सुरू झालं. इंजिन त्यानंतर आलं.

आपल्या बजाज चेतकचं घराणं त्याच व्हेस्पाचं. 1972 पासून आकुर्डीतून निघालेल्या या स्कूटरवर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी संसार वाहिला. पुढे मुलगा उभा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी, पायाशी गव्हाचा डबा. कायद्यात हे बसत नव्हतं आणि सुरक्षित तर नव्हतंच. मी त्याचं गुणगान करत नाही. पण गाडी कुटुंबाची आहे हे तिच्या आकारातच दिसत होतं, आणि 1989 ची "हमारा बजाज" ही जाहिरात लोकांना खोटी वाटली नाही ती म्हणूनच. त्याच कंपनीने 2001 मध्ये पल्सर आणली. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने ती मोठी झेप होती, पुण्याची गाडी देशभर धावली, याचा मलाही अभिमान आहे. तिची जाहिरात होती "डेफिनेटली मेल". बारा वर्षांत "आपली" गाडी "पुरुषाची" झाली. एका कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. बाजारच त्या दिशेला वळला आणि वळवणाऱ्यांत माझ्यासारखे ग्राहकही होते. पुढे सीट दुभंगली, मागचा तुकडा उंच आणि आखूड झाला, शेपटी रेसच्या गाडीसारखी वर गेली. रेसच्या गाडीला शेपटी तशी असते कारण तिच्यावर दुसरं कुणी बसतच नाही. तो आकार उचलून आपण त्यावर आईला बसवलं.

कायदा काय म्हणतो? 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 128 सांगतं, की चालकाशिवाय एकच माणूस न्यायचा आणि तोही नीट बसवलेल्या सीटवर. 1989 च्या केंद्रीय नियमांतला नियम 123 त्याहून नेमका आहे. मागे बसणाऱ्याला धरण्यासाठी कायमची सोय हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो, तो या नियमामुळे सक्तीचा आहे. जगातल्या मोटरसायकली इथे विकायला आल्या की त्यांनाही तो चिकटतो, आणि परदेशी परीक्षक त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात. मला तर तो नियम लिहिणाऱ्या अनाम कारकुनाचं कौतुक वाटतं. आपल्या रस्त्यावर कोण, कसं, काय नेसून बसतं हे त्याने बघितलं होतं.

पण नियमाचं पुढे काय झालं बघा. "धरण्याची सोय" म्हणून काही गाड्यांवर सीटवर आडवा पट्टा येतो. मागचा माणूस बसतो तो त्या पट्ट्यावरच. ब्रेक लागल्यावर स्वतःच्या मांड्यांमधून तो पट्टा धरून दाखवावा, अशी माझी तो बसवणाऱ्याला विनंती आहे. काही ठिकाणी हँडलच्या नावाखाली सीटखाली दोन खाचा असतात. बोटं जातात, मूठ वळत नाही. नियमाचं अक्षर पाळलं जातं आणि मागची बाई पुढच्याचा शर्ट धरते.

आणि उरलेलं आम्ही करतो. गाडी घेतली त्याच आठवड्यात मी पुण्यातल्या नाना पेठेत गेलो होतो. तिथे एका गाळ्यासमोर गाडी लावली, पोऱ्या पाना घेऊन खाली बसला. साडीगार्डचे नट सोडवायच्या आधी त्याने वर बघून विचारलं, "मागं कुणी ताई, काकू बसणारेत का?" मी म्हटलं, नाही. दहा मिनिटांत साडीगार्ड सुटला, लांब मडगार्ड जाऊन त्या जागी आखूड पट्टी आली, गाडी एकदम हलकी आणि देखणी दिसायला लागली. त्या पावसाळ्यात माझ्या मागे बसलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ उठत होती. ते हसण्यावारी गेलं. पुढच्या वर्षी मात्र मामेबहिणीची ओढणी चाकाकडे खेचली गेली. सिग्नलला वेग कमी होता आणि तिने प्रसंगावधान राखून ती गळ्यातून सोडवली, म्हणून ओढणीवरच भागलं. आरे आणि चेनने तिचा जो दोर वळला होता तो कापायला अर्धा तास लागला. त्या पोऱ्याने विचारलेला प्रश्न कंपनीच्या डिझाइनरने, परीक्षण करणाऱ्याने आणि मी, तिघांनीही विचारायला हवा होता. विचारला फक्त त्याने.

इथे नेहमी एक आक्षेप येतो. बायका एका बाजूला पाय टाकून बसतात हीच मुळात चूक, दोन्हीकडे पाय टाकून बसा, प्रश्न मिटला. पहिला भाग बरोबर आहे. एका बाजूला बसलं की वजन मध्यरेषेवरून सरकतं, मांड्यांची पकड मिळत नाही, ब्रेक लागला की शरीर पिळवटतं. माझ्या मुलीला मी तसं बसू देणार नाही. पण गंमत अशी, की आपल्या आज्यांचं नऊवारी लुगडं या कामाला अगदी योग्य होतं. कासोटा घातला की घोड्यावरही बसता येतं. गुढीपाडव्याला गिरगावात आणि डोंबिवलीत नऊवारी नेसलेल्या बायका बुलेट चालवताना दिसतात, त्यात नेसण्याची अडचण कुठेच नसते. एका बाजूला बसणं आलं ते पाचवारीबरोबर, आणि पाचवारी काही उद्या जाणार नाही. माझी आई पासष्टाव्या वर्षी सलवार-कमीज घालायला लागेल या भरवशावर गाडी आखता येत नाही. आणि दोन्हीकडे पाय टाकून बसलं तरी पाऊणफुटी सीट, हनुवटीपर्यंत येणारे गुडघे आणि पट्ट्याचं हँडल तेच राहतं. उंच सीटवरून तंगडी टाकायची तर फूटपाथ आणखी उंच लागेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्याला कुटुंब न्यायचं त्याने स्कूटर घ्यावी, बाजारात दोन्ही आहे. शहरातल्या सुखवस्तू घरात हे चालतं. बाकीच्या घरांत गाडी एक असते. ती पोराच्या आवडीने येते, कारण हप्ता तो भरणार असतो, आणि मग वडिलांना बँकेत, बहिणीला कॉलेजला आणि आजीला डोळ्यांच्या दवाखान्यात तीच नेते. रेसची शेपटी असलेल्या किती गाड्या रेसच्या रस्त्यावर जातात? त्या एसटी स्टँडवर पाहुणे आणायला जातात. गाडी जिथे खरोखर वापरली जाते तिथलं बघून आखायची, हे तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात.

हे सगळं सोयीपुरतं असतं तर मी एवढा मजकूर लिहिला नसता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घालता मेलेले 50,029, त्यात 35,692 चालवणारे आणि 14,337 मागे बसलेले. त्या चौदा हजारांना रस्ता दिसत नव्हता आणि ब्रेक त्यांच्या हातात नव्हता. हेल्मेटची सक्ती हवीच, मागच्यालाही हवी, आणि पुण्यात या विषयावर होणारी कुरकुर मला कळत नाही. पण हेल्मेट कामाला येतं ते माणूस पडल्यानंतर. मागचा माणूस पडू नये यासाठी गाडीत काय आहे, हा त्याआधीचा प्रश्न आहे. चालवणाऱ्यासाठी तो विचारला गेला. 2019 पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय, आणि ते फार चांगलं झालं. आता कमी अंतरात गाडी थांबते. तेवढ्याच जोराने मागचा माणूस पुढे फेकला जातो, आणि त्याच्या हातात अजून पट्टाच आहे.

मुलांचं तर विचारूच नका. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने नियम काढला, की चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना पट्ट्यांचं जाकीट हवं, हेल्मेट हवं, वेग चाळीसच्या आत हवा. हेतू उत्तम. पण ते जाकीट बांधायचं चालवणाऱ्याच्या खांद्यांना. गाडीला नाही, कारण गाडीवर ते अडकवायला एक कडीसुद्धा नाही. चारचाकीत मुलाच्या सीटसाठी चासीला जोडलेले लोखंडी आकडे असतात. दुचाकीत मूल बापाला बांधलं, बाप कशाला बांधलेला नाही.

करायचं काय, हे फार अवघड नाही. ब्रोशरमध्ये मागच्या सीटची उंची, लांबी, रुंदी छापणं सक्तीचं करा. एकदा आकडा छापला की आमच्यासारखे लोक आपोआप त्यावर भांडायला लागतात, आणि आम्ही भांडायला लागलो की कंपन्या ऐकतात, हा अनुभव आहे. "धरण्याची सोय" म्हणजे काय हे मुठीच्या मापाने लिहा. पट्टा चालणार नाही असं स्पष्ट म्हणा. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, 1966 मध्ये सुरू झालेली. तिथे साडी नेसलेल्या पन्नास किलोच्या बाईला मागे बसवून जोरात ब्रेक दाबायची चाचणी घ्यायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागणार आहे? बाई नको तर बाहुली बसवा. आणि साडीगार्ड काढून देणाऱ्या गाळ्यांवर धाड घालण्याऐवजी साडीगार्ड देखणा करा. निम्मं चाक झाकणारी वस्तू घराच्या खिडकीच्या गजासारखीच दिसली पाहिजे असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

गाड्या महाग होतील ही ओरड होणार. एबीएसच्या वेळीही झाली होती. आणि मागणी नाही म्हणाल, तर एप्रिल 2024 मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरने रिझ्टा आणली ती कुटुंबाची स्कूटर म्हणून, आणि जाहिरातीत सीट किती मोठी आहे हे अभिमानाने सांगितलं. याआधी वेगासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने हे करावं यात मला बरंच काही दिसतं. ते स्कूटरपुरतं का राहावं?

मागच्या महिन्यात भाच्याला गाडी घ्यायची म्हणून ताई, तो आणि मी शोरूमला गेलो. काळी, टोकदार, शेपटी आकाशाकडे. विकणारा मुलगा चुणचुणीत होता. पॉवर, टॉर्क, मोबाइल जोडता येणारा डिस्प्ले, सगळं घडाघडा सांगितलं. मी विचारलं, मागच्या सीटची उंची किती? त्याने ब्रोशर उलटसुलट केलं, आत जाऊन साहेबांना विचारून आला, मग म्हणाला, "सर, ते देत नाहीत." माझ्या खिशात सुताराची टेप होती. भाचा म्हणाला, "मामा, प्लीज." मी टेप काढली नाही. "ताई, तू बसून बघ," एवढंच म्हटलं. ताईने गाडीला एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला, आजूबाजूला फूटपाथसारखं काही दिसतंय का ते बघितलं आणि पोराला म्हणाली, "छान आहे रे. घे तू. मी रिक्षाने येत जाईन."